खतातून दिलेले औषध : कॅनोलाचे पीक आणि ब्लॅकलेग रोग

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या गव्हाळ प्रदेशात एप्रिल महिना संपत आला म्हणजे उन्हाने करपलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडतो आणि शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो. तेथील ऋतू भारतातील ऋतूंच्या उलट असतात. एप्रिल-मे हा तेथील शरद ऋतू होय आणि हिवाळी पावसावर वाढणारी पिके याच सुमारास पेरली जातात. पेरणीयंत्राच्या एका पेटीत कॅनोलाचे बारीक, काळपट बी असते, तर दुसरीत दाणेदार खत. पुष्कळदा या खताच्या दाण्यांवर बुरशीनाशकाचा पातळ लेप चढविलेला असतो. त्या दिवशी शेतात रोग नसतो. किंबहुना पीकच नसते. ज्या रोगासाठी हे औषध विकत घेतले, तो यंदा येईल की नाही आणि आला तर किती जोराने येईल, हे कोणालाही सांगता येत नाही. पुढे रोगाचे उग्र रूप दिसू लागते, तेव्हा औषध देण्याची वेळ टळून कित्येक महिने लोटलेले असतात.

रोग दिसण्यापूर्वीच उपाय करावयाचा आणि त्याचा खर्चही आधीच सोसावयाचा, अशी ही स्थिती आहे. हा खर्च शहाणपणाचा केव्हा ठरतो आणि व्यर्थ केव्हा जातो, हे समजण्यासाठी प्रथम पिकाची, नंतर रोगाची आणि शेवटी औषधाची ओळख करून घेतली पाहिजे.

मोहरीचे भावंड

कॅनोला ही मोहरीच्या कुळातील वनस्पती होय. कोबी, फुलकोबी, सलगम, मोहरी आणि उत्तर भारतातील सरसों ही सर्व या कुळातील मंडळी. युरोपात ‘रेप’ या नावाने ओळखले जाणारे तेलबियांचे पीक फार जुने आहे. त्याचे तेल दिव्यांत जाळले जाई आणि यंत्रांनाही वापरले जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांच्या वाफेच्या यंत्रांना वंगण म्हणून या तेलाची मागणी वाढली आणि कॅनडात रेपची लागवड पसरली. युद्ध संपल्यावर ही मागणी ओसरली. मग हे तेल खाण्यासाठी कसे वापरता येईल, असा प्रश्न उभा राहिला.

त्यात दोन अडचणी होत्या. तेलात इरुसिक आम्लाचे प्रमाण फार होते आणि ते आरोग्याला अपायकारक असावे, असा संशय होता. दुसरे असे की, तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत ग्लुकोसिनोलेट नावाची उग्र द्रव्ये असल्याने ती जनावरांना फारशी मानवत नसे. कॅनडातील कीथ डाउनी आणि बाल्डर स्टीफनसन या दोन शास्त्रज्ञांनी हे दोन्ही दोष संकराने व निवडीने कमी केले. १९७४ साली ‘टॉवर’ हा दोन्ही द्रव्ये कमी असलेला पहिला वाण स्टीफनसन यांनी दिला. १९७८ साली अशा गुणांच्या वाणांसाठी ‘कॅनोला’ हे नाव नोंदविण्यात आले. आज कॅनोला या नावास पात्र ठरण्यासाठी तेलातील इरुसिक आम्ल दोन टक्क्यांहून कमी असावे लागते.

ऑस्ट्रेलियात रेपची व्यापारी लागवड १९६९ साली सुरू झाली. त्या वर्षी गव्हाचे उत्पादन अतोनात झाले होते आणि प्रत्येक शेतकऱ्याकडून किती गहू घ्यावयाचा यावर मर्यादा घालण्यात आली होती. गव्हाऐवजी दुसरे काय पेरावे, या विवंचनेत असलेल्या शेतकऱ्यांना नवे पीक आशादायक वाटले. बियाणे कॅनडातून आले, पीक चांगले उभे राहिले आणि दोन-तीन वर्षांतच क्षेत्र झपाट्याने वाढले. परंतु १९७२ च्या सुमारास, विशेषतः पश्चिम ऑस्ट्रेलियात, या पिकावर आपत्ती कोसळली. उभी झाडे बुंध्याशी काळी पडून कलंडू लागली. बुंधा काळा पडतो म्हणून या रोगाला ‘ब्लॅकलेग’, म्हणजे काळा पाय, असे नाव आहे. बहुतेक शेतकऱ्यांनी पुढील हंगामापासून हे पीक सोडून दिले आणि नुकताच जन्मलेला एक शेतीउद्योग जवळजवळ नाहीसा झाला.

कॅनडातून आलेल्या वाणांना या रोगाशी झुंजण्याची शक्ती नव्हती, कारण त्यांना तशी वेळच आली नव्हती. कॅनडातील सॅस्कॅचेवान प्रांतात या बुरशीचा उग्र प्रकार प्रथम आढळला तो १९७५ साली. शत्रू जेथे नव्हता अशा भूमीत वाढलेले बियाणे शत्रूच्या घरात नेऊन पेरले गेले होते.

रोग राहतो कोठे

ब्लॅकलेग रोग ‘लेप्टोस्फेरिया मॅक्युलन्स’ या बुरशीमुळे होतो. तिचे जीवनचक्र नीट समजले, तर रोगनियंत्रणाचे बहुतेक सर्व नियम आपोआप समजतात.

कापणी झाली, बी घरी गेले, तरी शेतात धसकटे उरतात. रोगट धसकटांत ही बुरशी जिवंत राहते. उन्हाळ्यात ती शांत असते. शरदातील ओलाव्याने धसकटांवर टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या कुप्या तयार होतात आणि त्यांत असंख्य बीजाणू पिकतात. पाऊस पडून धसकट भिजले की या कुप्या बीजाणू हवेत फेकतात आणि वारा ते वाहून नेतो. काही बीजाणू दूरवर जातात. परंतु बहुतेक काही शे मीटरांच्या आतच खाली बसतात. म्हणून यंदाचे कॅनोला गेल्या वर्षीच्या कॅनोलाच्या धसकटांपासून निदान ५०० मीटर दूर पेरावे, असा सल्ला ऑस्ट्रेलियात दिला जातो. येथे मोठा धोका गेल्या वर्षीच्या धसकटांपासून असतो. दोन-तीन वर्षांची जुनी धसकटे तितकी घातक नसतात. त्याच शेतात पुन्हा कॅनोला पेरले नाही, तरी कुंपणापलीकडे शेजाऱ्याची ताजी धसकटे असतील, तर फेरपालटीचा लाभ बराचसा वाया जातो.

दुर्दैवाची गोष्ट अशी की, ज्या पावसाने बी रुजते त्याच पावसाने बीजाणूही सुटतात. कोवळी रोपे वर येतात आणि त्यांच्यावर बीजाणूंचा वर्षाव होतो. बीजदलांवर आणि पहिल्या पानांवर मळकट पांढरे डाग पडतात आणि त्या डागांत काळे ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे ब्लॅकलेगची ओळखीची खूण होय. डाग लहान असतो, रोप हिरवे असते आणि पाहणाऱ्याला काही विशेष बिघडले आहे असे वाटत नाही. पण बुरशी पानातून देठात, देठातून खोडात, आणि खोडातून खाली बुंध्याकडे गुपचूप सरकत असते. या प्रवासात वरून कोणतेही लक्षण दिसत नाही. हिवाळा सरून पीक फुलावर येते, शेंगा भरू लागतात, आणि मग बुंध्याच्या आतील भाग काळा पडून कुजतो. मुळांनी घेतलेले पाणी वर जाण्याचा मार्ग बंद होतो. झाड अकाली वाळते, किंवा बुंध्याशी मोडून आडवे होते.

झाडाच्या वयाचा प्रश्न येथे निर्णायक आहे. साधारणतः चार ते सहा पाने येईपर्यंतच्या काळात झालेला संसर्ग बुंध्यापर्यंत पोहोचून प्राणघातक ठरण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. त्यानंतर पानावर पडलेल्या डागातून बुरशी निघाली, तरी तिला बुंध्यापर्यंतचे अंतर अधिक आणि वेळ कमी मिळतो. म्हणजे कॅनोलाच्या झाडाचे मरण पुष्कळदा त्याच्या बालपणीच ठरते. ते दिसते मात्र म्हातारपणी. खतातून औषध देण्याच्या प्रथेचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

खताच्या दाण्यावरील लेप

ऑस्ट्रेलियाच्या पुष्कळशा जमिनी फार प्राचीन, झिजलेल्या आणि स्फुरदाच्या बाबतीत गरीब आहेत. म्हणून पेरणीबरोबरच स्फुरदयुक्त खत, सुपरफॉस्फेट किंवा मोनोअमोनियम फॉस्फेट, बियाच्या ओळीत किंवा ओळीलगत देण्याची पद्धत तेथे पूर्वापार आहे. खत तर प्रत्येक रोपाच्या मुळाजवळ पडणारच आहे. मग त्याच दाण्यावर औषध चढविले तर तेही कोणत्याही जादा फेरीवाचून मुळाजवळ पोहोचेल, असा हा साधा विचार होय.

यासाठी सर्वाधिक वापरात आलेले औषध म्हणजे फ्लुट्रायफॉल. ट्रायअॅझोल या गटातील हे बुरशीनाशक आहे. बुरशीच्या पेशींची पटले बांधण्यासाठी एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य लागते. ते तयार होण्याच्या क्रियेत ट्रायअॅझोल औषधे अडथळा आणतात आणि बुरशीची वाढ खुंटते. फ्लुट्रायफॉलचा दुसरा गुण असा की, ते मातीतील ओलाव्यात उतरते, मुळांवाटे शोषले जाते आणि जलवाहिन्यांतून पाण्याबरोबर वर चढून पानांत पोहोचते. रोप स्वतःच जणू औषधाचे पाणी पिते. वरून फवारलेले औषध पावसाने धुतले जाते आणि फवारणीनंतर फुटलेल्या पानावर ते नसतेच. मुळांतून येणारे औषध मात्र काही आठवडे नव्या पानांनाही पुरवले जाते.

या पद्धतीला काही मर्यादा आहेत आणि त्या तिच्या स्वरूपातूनच निर्माण होतात. औषध पाण्याबरोबर चढते, म्हणून मातीत ओल हवी. कोरड्या मातीत दाण्यावरचा लेप दाण्यावरच राहतो. औषध वरच्या दिशेने जाते, म्हणून ते नव्या पानांचे रक्षण करते. परंतु बुरशी एकदा खोडात खोलवर शिरल्यावर तिला हुसकून लावण्याची भिस्त त्याच्यावर ठेवता येत नाही. झाड जसजसे मोठे होते तसतसे तेवढेच औषध अधिकाधिक पानांत विभागले जाऊन विरळ होते. म्हणून हे संरक्षण बालपणापुरतेच असते.

मात्रेच्या बाबतीत एक चूक सहज घडते. औषधाची मात्रा हेक्टरी ठरलेली असते, पण ते चढविले जाते खताच्या वजनावर. समजा, हेक्टरी ८० किलो खत द्यावयाचे ठरवून त्या हिशेबाने औषध लावले. पुढे पाऊस लांबला, पैशाची ओढ लागली आणि शेतकऱ्याने खत ६० किलोवर आणले. खतात एक-चतुर्थांश बचत झाली, पण औषधही नकळत एक-चतुर्थांश कमी पडले. पुरेसे संरक्षण दिल्याचे समाधान राहते आणि प्रत्यक्ष संरक्षण मात्र अपुरे असते. म्हणून खताची मात्रा बदलली तर औषधाचा हिशेबही नव्याने केला पाहिजे. लेप सर्व दाण्यांवर सारखा बसणे हेही तितकेच महत्त्वाचे असते. काही ठिकाणी औषध खतावर न चढविता पाण्यात किंवा द्रवरूप खतात मिसळून सरीत सोडतात. तेव्हा नळ्या तुंबल्या नाहीत ना, हे पाहावे लागते.

खताविषयीचा एक धोका औषधाहून निराळा आहे. कॅनोलाचे बी फार बारीक असते. हेक्टरी साधारणतः दोन ते चार किलोच पेरले जाते. असे कोवळे बी नत्रयुक्त खताच्या अगदी सान्निध्यात आले तर क्षाराने व अमोनियाने होरपळते आणि उगवण घटते. औषध अधिक पोहोचावे म्हणून खत बियाच्या अंगावर ढकलणे म्हणजे रोग टाळण्यासाठी रोपच गमावणे होय. खत बियाच्या थोडे खाली किंवा बाजूला पडेल अशी योजना यासाठीच करतात.

खताने रोग बरा होतो काय, असा प्रश्न साहजिक आहे. स्फुरद, नत्र किंवा गंधक यांपैकी कशानेही ब्लॅकलेगची बुरशी मरत नाही. पण पोषण चांगले असलेले रोप जोमाने वाढते आणि चार-सहा पानांची धोक्याची वेस लवकर ओलांडते, हा लाभ खरा आहे. कॅनोलाला गंधकाची गरज गव्हाहून अधिक असते आणि तो कमी पडल्यास फुले व शेंगा नीट धरत नाहीत. उलट, नत्राचा अतिरेक झाला तर पीक दाट होते, खाली ओल कोंडते आणि स्क्लेरोटिनिया नावाच्या दुसऱ्या बुरशीला खोड कुजविण्यास अनुकूल वातावरण मिळते. खत हे अन्न आहे. ते औषध वाहून नेऊ शकते, पण औषधाची जागा घेऊ शकत नाही.

वाणांची ताकद आणि तिचा क्षय

१९७२ च्या आपत्तीनंतर ऑस्ट्रेलियातील पैदासकारांनी फ्रान्स व जपान येथील वाणांतून रोगप्रतिकारशक्ती आणली. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९७८ साली ‘वेसरिओ’ हा ब्लॅकलेगला दाद न देणारा वाण प्रसृत झाला आणि सोडून दिलेले पीक हळूहळू पुन्हा उभे राहू लागले. या पिकाला जीवदान दिले ते प्रथम वाणांनी. औषधे नंतर आली.

तथापि वाणाची ताकद ही कायमची ठेव नव्हे, हेही लवकरच कळून आले. २००० साली ‘सरपास ४००’ नावाचा वाण बाजारात आला. एका रानटी भाऊबंदाकडून घेतलेल्या प्रबळ जनुकामुळे त्याच्यावर ब्लॅकलेगचा जवळजवळ काहीच परिणाम होत नसे. शेतकऱ्यांनी तो मोठ्या प्रमाणावर, वर्षानुवर्षे, एकमेकांच्या शेजारी पेरला. २००३ साली दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातील आयर द्वीपकल्पात त्याची प्रतिकारशक्ती कोसळली. काही शेतांत ९० टक्क्यांपर्यंत उत्पन्न बुडाले.

याचे कारण बुरशीच्या प्रजननात आहे. धसकटांवरील कुप्यांत नर-मादी संयोगातून बीजाणू बनतात आणि प्रत्येक वर्षी जनुकांचे पत्ते नव्याने पिसले जातात. कोट्यवधी बीजाणूंत एखादा असा निघतोच की जो वाणाचे कुलूप उघडू शकतो. इतर सर्व बीजाणू त्या वाणावर उपाशी मरतात आणि हा एकटा भरपेट वाढतो. त्याच्या धसकटांवर पुढच्या वर्षी त्याचीच संतती असते. दोन-तीन हंगामांत अपवादाचा नियम होतो. म्हणून आता ऑस्ट्रेलियात वाणांची त्यांच्या प्रतिकारक जनुकांनुसार इंग्रजी अक्षरांनी गटवारी केली जाते आणि एकाच गटातील वाण वर्षानुवर्षे पेरू नये, असे सांगितले जाते.

वाणांबाबत जे घडले तेच औषधांबाबतही घडू लागले आहे. फ्लुक्विन्कोनॅझोल हे ट्रायअॅझोल गटातील औषध बीजप्रक्रियेसाठी अनेक वर्षे वापरले गेले. त्याला दाद न देणाऱ्या बुरशीच्या वसाहती २०१० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या शेतांतून गोळा केलेल्या धसकटांत आढळल्या. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. बियाला लावलेले, खताला लावलेले आणि पानांवर फवारलेले औषध यांची नावे व वेष्टने निराळी असली, तरी ती तिन्ही एकाच गटातील असतील तर बुरशीच्या दृष्टीने तो एकच मारा होय. तिन्ही दारांना एकाच किल्लीचे कुलूप लावावे, तसे हे होते. म्हणून त्यानंतर आलेली, बुरशीच्या श्वसनक्रियेवर घाव घालणारी निराळ्या गटाची बीजप्रक्रिया औषधे आलटूनपालटून वापरण्यावर भर दिला जातो. ती औषधेही अविचाराने वापरली तर त्यांचेही तसेच होईल.

रोगाची नवी वाट

गेल्या काही वर्षांत आणखी एक बदल दिसून आला. उत्पन्न वाढावे म्हणून शेतकरी कॅनोला पूर्वीपेक्षा लवकर पेरू लागले. लवकर पेरलेली रोपे उबदार दिवसांत झपाट्याने वाढतात आणि बालपणाचा धोक्याचा काळ लवकर पार करतात; बुंध्याच्या रोगाच्या दृष्टीने हा लाभच होय. परंतु असे पीक फुलावरही लवकर येते, म्हणजे हिवाळ्याच्या ओल्या, गार दिवसांत, जेव्हा धसकटांतून बीजाणू अजून सुटत असतात. मग ही बुरशी फुले, फांद्या, खोडाचा वरचा भाग आणि शेंगा यांनाच गाठते. बुंधा निरोगी आणि शेंडा रोगट, असे दृश्य दिसते.

पेरणीच्या वेळी खतातून दिलेल्या औषधाचा येथे काही उपयोग नसतो. फुले येईपर्यंत ते पुरतच नाही. यासाठी फुलोऱ्याच्या काळात फवारणी करावी लागते आणि तिचा खर्च, तिची वेळ आणि कापणीपूर्वी पाळावयाचे अंतर यांचा वेगळा विचार करावा लागतो. एकच रोग, एकच बुरशी. पण झाडाच्या वयाप्रमाणे उपायाचे दार बदलते.

निर्णय कसा घ्यावा

आता पेरणीच्या दिवशी खताच्या पेटीजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे पुन्हा वळू. औषध लावलेले खत घ्यावे की साधे, हे त्याने कशावरून ठरवावे?

पहिला प्रश्न वाणाचा. त्या प्रदेशातील बुरशीला तोंड देण्यास वाण समर्थ असेल, तर औषधाचा खर्च बहुधा भरून येत नाही. वाण दुबळा असेल, किंवा तोच वाण सलग तीन-चार वर्षे पेरला असेल, तर औषधाला अर्थ आहे. दुसरा प्रश्न अंतराचा : गेल्या वर्षीची धसकटे किती दूर आहेत, स्वतःची आणि शेजाऱ्याचीही? तिसरा प्रश्न पावसाचा आणि आसपासच्या लागवडीचा : जेथे पाऊस भरपूर आणि कॅनोला सर्वत्र, तेथे बीजाणूही सर्वत्र असतात; कोरड्या प्रदेशात, जेथे चार शेतांआड एक शेत कॅनोलाचे असते, तेथे धोका पुष्कळ कमी होतो.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर गेल्या हंगामात स्वतःच्या शेतातच मिळालेले असते. फुलोरा संपल्यानंतर आणि कापणीपूर्वी शेतातून इकडून-तिकडून साठेक झाडे उपटावीत, मुळाच्या वर बुंध्याशी कात्रीने आडवा छेद घ्यावा आणि आतील भाग पाहावा. निरोगी बुंधा आतून पांढरा असतो. रोगट बुंध्यात काळा भाग दिसतो. छेदाच्या निम्म्याहून अधिक भाग काळा असेल, तर त्या झाडाचे उत्पन्न घटत आहे असे समजावे. या तपासणीला कात्री आणि एक सकाळ पुरते. त्या पिकासाठी आता काही करता येत नाही, हे खरे. पण पुढील वर्षी वाण बदलावा की शेत बदलावे, औषध घ्यावे की न घ्यावे, याचे उत्तर त्या काळ्या-पांढऱ्या छेदांत लिहिलेले असते. पेरणीच्या दिवशी भविष्य दिसत नाही. भूतकाळ मात्र नीट पाहता येतो.

औषध वापरण्याचे ठरल्यास हातमोजे घालणे, लेप चढविताना धूळ श्वासात जाऊ न देणे आणि वेष्टनावरील मात्रा पाळणे हे नियम आहेतच. ऑस्ट्रेलियात कोवळ्या कॅनोलावर मेंढ्या चारण्याची पद्धत काही भागांत आहे. औषध पानांत उतरलेले असल्यामुळे ठरावीक मुदत संपेपर्यंत तेथे चराई करता येत नाही. ज्याच्याकडे चाऱ्याची तूट आहे त्याला ही मुदतही हिशेबात धरावी लागते.

भारतातील मोहरी आणि हा धडा

भारतात राजस्थान, उत्तर प्रदेश, हरयाणा, मध्य प्रदेश या राज्यांत मोहरीवर्गीय पिकांची मोठी लागवड होते आणि मोहरीच्या संशोधनासाठी १९९३ साली भरतपूर येथे स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. ऑस्ट्रेलियातील उपाय येथे जसाच्या तसा आणता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर रोग ओळखल्यावाचून देता येत नाही. भारतीय मोहरीवर अल्टरनेरिया करपा, पांढरा तांबेरा आणि स्क्लेरोटिनिया खोडकुज हे रोग प्रमुख आहेत. करपा पानांवर आणि पुढे शेंगांवर येतो. पेरणीच्या वेळी मुळाशी दिलेले औषध तोपर्यंत पुरण्याची शक्यता कमी. पांढरा तांबेरा ज्या जीवामुळे होतो, तो खऱ्या बुरशींच्या वंशातला नाही आणि स्वतः एर्गोस्टेरॉल बनवीत नाही. साहजिकच ट्रायअॅझोल औषधांना तेथे अडविण्यासारखी क्रियाच सापडत नाही. म्हणून त्याच्या बंदोबस्तासाठी मेटॅलॅक्झिलसारखी निराळ्या गटातील औषधे बियाण्याला लावतात. पीक भाऊबंद आहे म्हणून औषधही तेच चालेल, असे मानणे खर्चाचे आणि धोक्याचे ठरेल.

उपाय उसना घेता येत नसला, तरी त्यामागची विचारपद्धती घेता येते. रोग वर्षाच्या कोणत्या काळात कोठे दडून बसतो, झाडाला कोणत्या वयात आणि कोठून गाठतो, आणि औषध तेथे त्या वेळी पोहोचते काय, हे तीन प्रश्न राजस्थानातील मोहरीच्या शेतालाही तितकेच लागू पडतात. ब्लॅकलेगच्या बाबतीत त्यांची उत्तरे अशी : धसकटांत, बालपणी पानांतून, आणि खतावरील लेपाने पोहोचते, पण थोडेच दिवस. त्या थोड्या दिवसांच्या मागे आणि पुढे पिकाचे रक्षण करतात ती फेरपालट, अंतर आणि वाणांची अदलाबदल. यांतील कोणतीही गोष्ट खताच्या पोत्यात भरून मिळत नाही. त्या सांभाळल्या असतील, तर पोत्यातील औषध आपले काम चोख करते. सोडून दिल्या, तर प्रथम वाण हरतो, मग औषध हरते, आणि त्यानंतर शेतकऱ्याला पुन्हा १९७२ सालच्याच प्रश्नासमोर उभे राहावे लागते : हे पीक ठेवावे, की सोडून द्यावे?